दहापैकी चार

मी रग्बी खेळून संसार केला, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या कानांकडे बघतो. दोन्ही कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे झालेत. मग तो विचारतो, "म्हणजे नक्की काय करायचात?" काळाचौकीत कबड्डी कळते, क्रिकेट कळतं, कॅरममधले तज्ज्ञ तर प्रत्येक मजल्यावर आहेत. रग्बी म्हटलं की लोकांना हेल्मेट घातलेले अमेरिकन आठवतात. तो खेळ वेगळा. आमच्याकडे हेल्मेट नसतं. माझी आई चाळीतल्या बायकांना समजावून सांगायची, "सिद्धार्थ चेंडू घेऊन पळतो, बाकीचे त्याला पाडतात, आणि ह्याचा त्याला पगार मिळतो." इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याही कोचकडून ऐकलेली नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला मैदानावरचे गमतीदार किस्से मागितले होते. चार किस्से लिहिलेही. वाचून पाहिले तर प्रत्येक किश्श्यात कोणीतरी डोक्यावर आपटत होतं आणि बाकीचे हसत होते. उदाहरणार्थ, कोलंबोच्या एका क्लबने दोन हंगाम मला करारावर घेतलं होतं, तेव्हाची गोष्ट. मॅच संपल्यावर मी ड्रेसिंग रूममध्ये बुटांच्या नाड्या घट्ट बांधत बसलो आणि शेजाऱ्याला विचारलं, किती वाजता सुरू होणार. सगळी खोली हसली. मीही हसलो. नंतर व्हिडिओ पाहिला, तर मी ऐंशी मिनिटं मस्त खेळलो होतो. त्यातला शेवटचा अर्धा तास मला आजही माहीत नाही. हा किस्सा मी वर्षानुवर्षं लग्नकार्यांत सांगत आलो. आता सांगवत नाही. ते चारही कागद फाडले आणि गेले सहा महिने जी भीती घेऊन मी हिंडतोय, ती लिहायला बसलो.

मी मूळचा कबड्डीचा. कॉलेजातल्या सरांनी माझी मान बघितली आणि दक्षिण मुंबईतल्या एका मैदानावर नेऊन उभं केलं. तिथे पहिल्याच दिवशी मला हुकर केलं. हुकर म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खेळ थांबला की तो पुन्हा सुरू करायला दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना भिडतात. त्याला स्क्रम म्हणतात. पुढच्या ओळीत तिघं असतात आणि मधला हुकर. त्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर अडकलेले, डोकं समोरच्या दोन डोक्यांच्या बेचक्यात. मागून पाचजणांचा रेटा. दहीहंडीत सगळ्यात खालच्या थरात उभं राहून पाहिलं असेल तर थोडी कल्पना येईल, फक्त इथे थर आडवा असतो आणि समोरून दुसरा थर अंगावर येतो. पडलात तर हात टेकता येत नाहीत. मी सतरा वर्षं हे केलं आणि प्रत्येक स्क्रमच्या आधी घाबरलो. घाबरत नाही म्हणणारा हुकर मी अजून पाहिलेला नाही.

माझ्या डावीकडे दिगू असायचा. दिगंबर. लालबागचा, गाव कणकवलीकडे. आम्ही दोघं एकाच वर्षी एका सरकारी कंपनीत खेळाडू म्हणून लागलो. दुपारपर्यंत ऑफिस, मग मैदान. स्क्रममध्ये त्याचा कान माझ्या कानाला घासायचा. त्याने आदल्या दिवशी काय खाल्लं हे मला विचारावं लागत नसे. माणसाला बायको जितकी ओळखते तितकाच बाजूचा खेळाडू ओळखतो, आणि रेश्मा, माझी बायको, हे वाचून हसणार नाही, कारण तिला ते मान्य आहे.

मानेची भीती सगळे बोलून दाखवायचे. दुसरी भीती कोणी बोलत नसे. ती म्हणजे बाहेर काढलं जाण्याची. डोक्याला मार बसला असा संशय आला की निदान तीन आठवडे खेळायचं नाही, असा नियम. तीन आठवड्यांत तुमच्या जागी दुसरा येतो, तो चांगला खेळतो, आणि तुम्ही ऑफिसात फायली लावायला लागता. आमची नोकरी खेळावर, निवड खेळावर, चाळीतला मान खेळावर. त्यामुळे मार लपवण्याची एक पद्धतच तयार झाली होती. ती मी शोधली नाही, पण मी ती सुधारली आणि शिकवली.

हंगाम सुरू होण्याआधी शिबिरात फिजिओ मॅडम प्रत्येकाची परीक्षा घ्यायच्या. त्या दहा शब्द वाचून दाखवायच्या. छत्री, गाजर, खिडकी असे कशाचा कशाला संबंध नसलेले. पाच-दहा मिनिटांनी त्यातले किती आठवतात ते आम्ही सांगायचं. महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायचे. एका पायावर उभं राहायचं. हा झाला तुमचा धडधाकट असतानाचा कागद. पुढे मार बसला की तीच परीक्षा पुन्हा, आणि जुन्या कागदाशी तुलना. कमी आलं तर बाहेर. पद्धत चांगली होती, पण मॅडम आम्हाला ओळखत नव्हत्या. आम्ही पहिलाच कागद बिघडवून ठेवायचो. मुळात माप आखूड ठेवलं की मार बसल्यावरही माणूस त्यात बसतो.

मी पोरांना सांगायचो, "दहापैकी चार. पाच म्हणजे शहाणपणा, तीन म्हणजे संशय." ऑगस्टनंतर जून म्हणायचं आणि जीभ चावायची. एका पायावर सातव्या सेकंदाला डगमगायचं. दिगूला हे नाटक जमत नसे. त्याची स्मरणशक्ती दांडगी, तोंडातून सात-आठ शब्द आपोआप निघायचे. मी त्याला शिबिराच्या मागच्या व्हरांड्यात बसवून विसरायची प्रॅक्टिस करून घेतली. मॅडमना आमची काळजी वाटायची. "तुम लोग ठीक से सोते नहीं क्या?" असं विचारून त्यांनी आम्हा दोघांना रोज भिजवलेले बदाम खायला सांगितले. त्या बदामांवर आम्ही अख्खा हंगाम हसलो.

आमच्या घरात परीक्षा ही हसण्याची गोष्ट नव्हती. चौदा एप्रिलच्या जयंतीला मंडळ हुशार मुलांना वह्या-पुस्तकं वाटायचं आणि मी दरवर्षी ती घेऊन यायचो. गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेले माझे वडील पाहुण्यांना माझे पेपर दाखवायचे. येत असून न लिहिण्याचा प्रकार त्यांनी ऐकलाही नसेल. मी त्यांना तो कधी सांगितला नाही, यावरूनच तो कसा होता हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

या पद्धतीचा दुसरा भाग मैदानावर चालायचा. मार बसलेल्या खेळाडूकडे फिजिओ धावत येईपर्यंत वीसेक सेकंद मिळतात. त्या वेळात बाजूच्याने त्याच्या कानात उत्तरं घालायची. कुठला हाफ, किती गुण, शेवटचा ट्राय (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवणं) कोणाचा, मागची मॅच कोणाशी. मॅडम हेच विचारणार हे पाठ होतं. हे काम हुकरचं, म्हणजे माझं. मला त्याचा अभिमान होता, खोटं का बोलू.

तर ती मॅच. आपल्याच मैदानावर होती, पावसाळ्याचा शेवट, चिखल. दुसऱ्या हाफमध्ये दिगूने वाकून एकाला पकडलं आणि त्याच्या गुडघ्याचा टोला दिगूच्या कानशिलावर बसला. तो उठला, पण आपल्या बाजूला यायच्या ऐवजी पलीकडच्या झेंड्याकडे चालायला लागला. मी धावत जाऊन त्याचा शर्ट धरला.

"दिगू, ऐक. सेकंड हाफ. आपण दोनने मागे. शेवटचा ट्राय त्यांच्या अकरा नंबरचा. मागची मॅच पुण्याशी, जिंकलो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "चेंडू खंय आसा रे?" तो म्हणाला.

दिगू मालवणी फक्त घरात, आईशी बोलायचा. मैदानावर, ऑफिसात, माझ्याशी तो सोळा आणे मुंबईचा. सात-आठ वर्षांत त्याने माझ्याशी एक शब्द मालवणीत काढला नव्हता. ते मला त्याच क्षणी जाणवलं. हे मला अगदी स्पष्ट आठवतं. आणि तरी मी काय केलं, तर त्याला पुन्हा स्कोअर सांगितला.

मॅडम आल्या. त्याने हाफ सांगितला, स्कोअर सांगितला, पुणे सांगितलं. त्यांनी त्याला रेषेबाहेर नेऊन शब्द विचारले. चार आले. त्याच्या कागदावरही चारच होते. त्यांनी थोडा वेळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं, मग मान हलवली आणि तो आत आला. माझ्या खांद्यावर हात टाकून स्क्रममध्ये वाकला. त्याचं अंग नेहमीपेक्षा जड लागत होतं.

दहा मिनिटांनी त्याला साधा धक्का बसला. असे धक्के तो दिवसाला वीस खायचा. या वेळी तो पाठीवर पडला आणि त्याचे दोन्ही हात समोर हवेत ताठ उभे राहिले, कोणाला तरी थांब म्हणावं तसे. ते खाली येईनात. बॉल पुढे गेला होता, खेळ चालू होता, आणि मी त्या हातांकडे बघत उभा राहिलो. मला ओरडायला सुचलं नाही.

त्याच्या डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं, आठ दिवस तो बोलला नाही. हॉस्पिटलच्या बाकावर मावशी, म्हणजे दिगूची आई, माझा हात धरून विचारत होती, "सिद्धार्था, तू बाजूकच होतस मां? काय झाला?" मी म्हटलं, "पडला, मावशी. पाय घसरला." तिने माझ्या हातावर थोपटलं आणि मला चहा प्यायला पाठवलं.

दिगू वाचला. चालतो, बोलतो, ऑफिसला जातो, त्याला बसून करायचं काम दिलंय. उन्हात डोकं दुखतं म्हणून घरात पडदे ओढून बसतो. वास येणं कायमचं गेलं. मावशी बांगडे तळते तेव्हा तो उठून कढईत डोकावतो, कारण नाकाला पत्ताच लागत नाही. कोणी विचारलं तर सांगतो, "सिद्धू बाजूला होता म्हणून शेवटची मॅच तरी खेळलो." हे तो माझ्यासमोर, मनापासून सांगतो. मी दर वेळी मान खाली घालतो आणि लोकांना वाटतं मी लाजतोय.

एवढं झाल्यावर मी शहाणा व्हायला हवा होतो. मी आणखी तीन हंगाम खेळलो आणि तिन्ही वेळा दहापैकी चारच सांगितले. लाज वाटते, पण ते तसंच झालं.

खेळ सोडला त्याला चार वर्षं झाली. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, आम्ही सोळाव्या मजल्यावर गेलो. या उन्हाळ्यात मी एकदा चौदाव्या मजल्यावर उतरलो आणि दुसऱ्याच्या दाराला चावी लावत राहिलो. त्यात काही विशेष नाही, टॉवरमध्ये सगळेच असे चुकतात, सगळे मजले सारखेच. पण ज्यांचं दार होतं त्या काकूंनी उघडलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "तुम्ही आमच्याकडे कशा?" मग गॅस चालू राहिला. मग मी जेवताना रेश्माला तिच्या शाळेच्या इन्स्पेक्शनचं विचारलं आणि तिने चमचा खाली ठेवला. "तिसऱ्यांदा विचारतोयस," ती म्हणाली. मला पहिल्या दोन वेळा आठवत नव्हत्या.

अडतिसाव्या वर्षी माणूस विसरतो का? विसरतो. कामाचा ताण असतो, झोप नसते, मोबाइल असतो. की हे ते दुसरं आहे, डोक्याला बसलेल्या मारांमुळे वर्षांनंतर येणारं, ज्याबद्दल परदेशातले जुने खेळाडू बोलतात? रोज सकाळी जाग आली की मी पडल्यापडल्या महिने उलटे म्हणून बघायला लागलो. म्हणता आले तरी भीती जात नसे. उद्याचं काय, असं वाटायचं.

रेश्मा महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, गोष्ट अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नाही. तिने शीवजवळच्या एका मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर वयस्कर, शांत. मार किती वेळा बसला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोनदा. त्यांनी विचारलं, खेळत असतानाच्या काही चाचण्या झाल्या होत्या का? रेश्माने फिजिओ मॅडमचा नंबर शोधून काढला. मॅडम आता दुसऱ्या राज्यात असतात, पण त्यांनी माझे सगळे कागद जपून ठेवले होते. दोन दिवसांत पाठवले आणि वर लिहिलं, "सिद्धार्थ को मेरा नमस्ते. बादाम खाता है ना?"

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तीच परीक्षा घेतली. दहा शब्द मराठीतून वाचले. मग इकडचं तिकडचं विचारून पुन्हा त्या शब्दांवर आले. मी जीव तोडून आठवायला लागलो. एक आला, दोन आले. तिसऱ्याला वेळ लागला. चौथा आला तेव्हा मला हायसं वाटलं की आता पुढचे येतील. रेश्मा बाजूला बसून ओठ आवळून होती, वर्गातल्या कच्च्या मुलाकडे बघतात तशी. पाचवा आलाच नाही. त्या जागी काही अंधुकसुद्धा नव्हतं.

डॉक्टरांनी जुने कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले. "एवढ्यावर आम्ही निदान करत नाही," ते म्हणाले, "पण एमआरआय ठीक आहे, आणि तुलनेला हे मिळालं ते बरं झालं. चौदा वर्षांपूर्वी चार, आज चार. काही फरक नाही. बिनघोर राहा."

रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. जिना उतरताना ती मला चिडवायला लागली. "म्हणजे तू मुळातच विसरभोळा. मी उगाच तुझ्या रग्बीला शिव्या घातल्या." खाली उसाच्या रसाच्या दुकानात तिने दोन ग्लास सांगितले आणि तिच्या बहिणीला फोन लावला. सगळं ठीक आहे, ताई. हो, काही निघालं नाही. तिचा चेहरा सहा महिन्यांत पहिल्यांदा मोकळा झाला होता. मी ग्लास हातात धरून उभा होतो आणि ठरवत होतो की हे असंच राहू द्यावं. तिला कशाला घाबरवायचं? घाबरायला मी आहे की.

फोन ठेवून ती म्हणाली, "आता दिगूभाऊंना इथेच आणू या. किती डोकं दुखतं त्यांचं. मॅडमकडे त्यांचेही कागद असणारच. डॉक्टर बघून सांगतील ना, काही बदल आहे की नाही."

मग मला गप्प राहता येईना.

"रेश्मा, ते कागद खोटे आहेत," मी म्हटलं.

"खोटे म्हणजे? कॉपी?"

"उलटं. येत असून सांगितलं नाही. मी, दिगू, सगळ्यांनी. दिगूला मीच शिकवलं." आणि मग मैदानावरचे वीस सेकंद, मालवणीतला तो प्रश्न, मावशीला मारलेली थाप, सगळं त्या दुकानासमोर उभ्याने सांगितलं.

"तुला खरे किती यायचे?" तिने शेवटी विचारलं.

"दहा."

तिने माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "वर चल. डॉक्टर अजून आहेत." आम्ही परत जिना चढलो. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. दोनदा म्हटलं होतं ते खोटं, किती वेळा ते मोजलेलंच नाही, हेही सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी जुने कागद बाजूला सारले, "काही फरक नाही" ही ओळ खोडली आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. आजचा कागद पहिला धरू, म्हणाले. रेश्मा माझ्याशी त्या दिवशी फारसं बोलली नाही, पण जिना उतरताना तिने माझा दंड घट्ट धरला होता.

त्या संध्याकाळी मी लालबागला दिगूकडे एकटा गेलो. पडदे ओढलेले होते. मावशी आत स्वयंपाकात होती. मी त्याला सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता. त्याने मार बसल्यावर मला काय विचारलं होतं तेही. तो भुवया आक्रसून ऐकत होता. मी शिव्यांची वाट बघत होतो, एखादी थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं.

"थांब," तो म्हणाला. "मला खरे किती यायचे?"

"नऊ. व्हरांड्यात मी मोजायचो ना, नऊ यायचे तुला."

"नऊ?" त्याचा चेहरा एकदम उजळला. स्वयंपाकघराकडे तोंड करून त्याने हाक मारली, "आये, ऐकलंस? माका दहातले नऊ येत होते."

मावशी आतून काहीतरी कौतुकाचं बोलली. दिगू माझ्याकडे वळला आणि त्याने माझ्या मांडीवर थाप मारली, जिंकलेल्या मॅचनंतर मारायचा तशी.

"मग ने मला तुझ्या डॉक्टरकडे," तो म्हणाला. "ह्या वेळेला नाटक नाय करणार. नऊच सांगतो बघ."